हिरव्या मण्यांच्या माळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ या नावाने मिळणारे, हिरव्या मण्यांच्या माळांसारखे दिसणारे रोप मी पाच महिन्यांपूर्वी आणले. ते दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात, छताजवळ टांगले आहे. एक दिवसाआड थोडे थोडे पाणी घालते. काही दिवसांपासून मणी सुरकुतू लागले, म्हणून पाणी वाढवले, तर आता ते गळत आहेत आणि कुंडीचा वरचा भाग बोडका झाला आहे. रोपाला कशाची कमतरता असावी?

उत्तर : आपल्या रोपाला कमतरता आहे ती प्रकाशाची; पाणी मात्र त्याला सोसवेल त्याहून कितीतरी जास्त मिळत आहे. आपण दाखवलेली काळजी मनापासूनची आहे, आणि नेमक्या अशाच काळजीने ही रोपे सर्वाधिक दगावतात, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली. तिथे ती उंचावरून लोंबत नाही, तर झुडपांच्या आणि खडकांच्या आडोशाला जमिनीवर पसरते आणि जिथे पेर मातीला टेकेल तिथे मूळ धरते. तिची मुळे वरवरची आणि बारीक असतात. पाण्याचा साठा मुळांत नसून पानांत असतो, आणि ज्यांना आपण मणी म्हणतो तीच तिची पाने होत. गोल आकारामुळे पानात पाणी पुष्कळ मावते आणि उन्हावाऱ्याला उघडा पडणारा पृष्ठभाग कमीत कमी राहतो. एखादा मणी बोटांत धरून उजेडासमोर न्यावा. त्याच्या एका बाजूला देठापासून टोकापर्यंत गेलेली, थोडी गडद आणि अर्धपारदर्शक अशी बारीक चीर दिसेल. ती पानाची खिडकी आहे. जाड पानाच्या आतल्या भागापर्यंत उजेड पोहोचतो तो या चिरेतून. जे पान उजेड आत घेण्यासाठी अशी सोय करून बसले आहे, ते खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फार दिवस तग धरणार नाही, हे उघड आहे.

आता सुरकुत्यांविषयी. तहानलेल्या रोपाचे मणी सुरकुततात हे खरे. पण मुळे कुजलेल्या रोपाचे मणीही तसेच सुरकुततात, कारण कुंडीत पाणी असले तरी ते वर नेणारी मुळेच शिल्लक राहिलेली नसतात. आपण दुसऱ्या प्रकाराला पहिला समजून पाणी वाढवलेत आणि उरलेली मुळेही गेली. दोन्हींतला फरक माती सांगते. एक कोरडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसावी आणि काही मिनिटांनी काढून पाहावी. काडी कोरडी निघाली आणि कुंडी उचलताना हलकी लागली, तर रोप तहानलेले आहे. भरपूर पाणी द्यावे, दोन-तीन दिवसांत मणी पुन्हा टपोरे होतात. काडीला ओली माती चिकटून आली आणि तरीही मणी सुरकुतलेले, पिवळट किंवा काचेसारखे पारदर्शक आणि लिबलिबीत झालेले असतील, तर मुळे कुजली आहेत असे समजावे.

आपले रोप वाचवायचे असेल तर मुळे वाचवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि माळा वाचवाव्यात. ज्या माळांचे दांडे अजून हिरवे आणि कडक आहेत त्या बोटभर ते वीतभर लांबीच्या कापून घ्याव्यात. तपकिरी, मऊ पडलेला भाग निर्दयपणे काढून टाकावा. कापलेली टोके एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावीत, म्हणजे ओल्या मातीत ती सडत नाहीत. मग उथळ कुंडीत नवी, भुसभुशीत माती भरून या माळा तिच्यावर गोल गुंडाळून ठेवाव्यात. माळ मातीत पुरू नये. पेरे मातीला टेकली पाहिजेत आणि मणी वर उजेडात राहिले पाहिजेत. केसांच्या आकड्यांनी किंवा वाकवलेल्या तारेने त्या जागच्या जागी दाबून ठेवता येतात. तुकडे रुजेपर्यंत माती हलकी दमट ठेवावी, कारण या काळात त्यांना मुळे नसतात. एरवीचा ‘पूर्ण कोरडे होऊ द्यावे’ हा नियम इथे लागू नाही. साधारण तीन-चार आठवड्यांत माळ हळूच ओढून पाहिली तर ती मातीला धरून राहिलेली जाणवते. माझे पहिले रोपही असेच पाण्याने गेले होते आणि आज माझ्याकडे आहे ते त्यातून वाचवलेल्या चार तुकड्यांचे आहे.

नवी कुंडी टांगताना एक गोष्ट विसरू नये. कुंडी छताजवळ असली की लोंबत्या माळांना उजेड मिळतो, पण कुंडीचे तोंड सावलीत राहते आणि नेमका तोच भाग आधी विरळ होतो. कुंडीच्या वरच्या मातीवर उजेड पडेल इतक्या खाली, खिडकीच्या अगदी जवळ ती असावी. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळाले तर उत्तम. दुपारच्या कडक उन्हात मण्यांवर तपकिरी डाग पडतात.

प्रश्न : या रोपासाठी माती कशी असावी आणि नेमके किती दिवसांनी पाणी द्यावे?

उत्तर : दिवस मोजून पाणी देऊ नये. हवा, उजेड, कुंडीचा आकार आणि मातीचा पोत यांवर ते इतके अवलंबून असते की एकाच घरातल्या दोन कुंड्यांचेही वेळापत्रक जुळत नाही. माती तळापर्यंत सुकली आणि मणी किंचित मऊ लागले, की कुंडीच्या भोकांतून पाणी वाहू लागेपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी फेकून द्यावे. रोज घोटभर पाणी देणे सर्वांत वाईट, कारण त्याने माती पूर्ण भिजतही नाही आणि कधी पूर्ण सुकतही नाही. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाण्यातले अंतर आणखी वाढवावे.

मातीत निम्मा भाग परलाईट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळूचा असावा. बारीक वाळू मात्र टाळावी. ती मातीच्या फटी बुजवते आणि निचरा सुधारण्याऐवजी बिघडवते. मुळे उथळ असल्याने खोल कुंडीचा उपयोग नाही, उलट तळाची माती ओली राहून त्रासच होतो. भोके नसलेल्या शोभेच्या कुंडीत हे रोप कधीही लावू नये. खडे घातले की भोकांची गरज उरत नाही, हा समज चुकीचा आहे. पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडकून राहते.

प्रश्न : माळांच्या पेरांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. ही बुरशी आहे का?

उत्तर : ही बुरशी नसून पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड आहे. कुंडी लगेच इतर झाडांपासून दूर ठेवावी. कापसाचा बोळा ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक ठिपका टिपून घ्यावा. आठवड्याने पुन्हा सगळी पेरे तपासावीत, कारण अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर येत राहतात. असे सलग तीन-चार वेळा करावे लागते. फार माखलेली माळ सरळ कापून टाकावी. निंबोळी तेल फवारायचे असल्यास संध्याकाळी फवारावे. तेल लागलेले मणी उन्हात भाजतात.

प्रश्न : माझ्याकडे गाढवाच्या शेपटीसारखे लोंबणारे ‘बरोज टेल’ आहे. हात लागताच त्याची पाने गळतात. हा रोग आहे का?

उत्तर : नाही, हा त्या वनस्पतीचा स्वभावच आहे. सेडम मॉर्गॅनियॅनम हे तिचे शास्त्रीय नाव. १९३८ साली ती शास्त्रीयदृष्ट्या नोंदली गेली आणि तिचे मूळ स्थान मेक्सिकोतले आहे. गळालेले प्रत्येक पान नवे रोप देऊ शकते. ती पाने कोरड्या मातीवर नुसती पसरून ठेवावीत. देठाच्या टोकाशी आधी गुलाबीसर मुळे आणि मग इवली पाने दिसू लागली की पाण्याचा हलका फवारा सुरू करावा. जुने पान आपणहून सुकेपर्यंत ते तोडू नये, कारण नवे रोप तोवर त्याच्यावरच जगत असते. पानांवरचा पांढरट मेणचट थर धूळ समजून पुसू नये. आणि कुंडीची जागा एकदा ठरली की ती शक्यतो हलवूच नये.

प्रश्न : मण्यांचे रोप फुलते का? घरात मांजर आहे, ते ठेवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : फुलते. लहान, पांढरी, झुपक्यासारखी फुले येतात आणि त्यांना दालचिनीसारखा गंध असतो. पुरेसा उजेड आणि आधीचा काही काळ गारव्यात गेला असेल तर फुलण्याची शक्यता वाढते. मांजरीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. हे मणी पोटात गेल्यास मांजर-कुत्र्यांना उलट्या आणि जुलाब होऊ शकतात, आणि लोंबती माळ दिसली की मांजर तिच्याशी खेळणारच. कुंडी तिची उडी पोहोचणार नाही अशा जागी टांगावी आणि माळा लांबल्या की खालून छाटत राहाव्यात. छाटलेले तुकडे त्याच कुंडीच्या विरळ भागावर गुंडाळून ठेवल्यास वरचा भागही भरून येतो.