चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवर कॅम्परमधली मागची बॅटरी कशी चार्ज करावी?

तुमचा प्रश्न असा: 12 व्होल्टची बीएस-6 टेम्पो ट्रॅव्हलर, मागे 100 एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतोय, "एक रिले टाकतो, दोन तासांचं काम." ते करावं का?

करू नका. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. ती फक्त दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडते, चार्जिंगवर तिचा काहीच ताबा नसतो. जुन्या गाडीत, दोन्हीकडे लेड-अ‍ॅसिड बॅटरी असताना, ते खपून जायचं. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो. रिकामी बॅटरी जोडली की ती अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) देईल तेवढा करंट ओढत राहते, आणि अल्टरनेटर काही तासन् तास पूर्ण ताकदीने चालवायला बनवलेला नाही. सेल्फ मारल्यावर मेन बॅटरीची थोडी तूट भरायची आणि मग गाडीचा लोड सांभाळायचा, एवढंच त्याचं काम.

त्यात मुंबईचं ट्रॅफिक. अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो. सायन-पनवेल हायवेवर गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पंखा हळू फिरतो, बॉनेटखाली भट्टी पेटलेली असते, आणि वर एसी ब्लोअर, वायपर, हेडलाइट. अल्टरनेटरमधले डायोड जळतात ते अशा वेळी, मोकळ्या रस्त्यावर नाही.

दुसरी अडचण बीएस-6ची. यातल्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. मेन बॅटरी भरली की इंधन वाचवायला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) व्होल्टेज 12.4च्या आसपास उतरवतो आणि ब्रेक मारताना 15च्या जवळ नेतो. व्होल्टेज बघून चालणारी रिले साधारण 13.3ला लागते आणि 12.8ला सुटते, त्यामुळे ती मधेच सुटून जाईल. तुमची गाडी कुठली, ते तपासणं सोपं आहे. मल्टिमीटर मेन बॅटरीवर लावून 20-30 मिनिटं गाडी चालवा, शेजारी बसलेल्याला आकडे वाचायला सांगा. सतत 13.8 ते 14.4 दिसलं तर अल्टरनेटर साधा. 13च्या खाली उतरलं तर स्मार्ट.

दोन्ही बाबतीत मी डीसी टू डीसी चार्जरच लावा म्हणेन. आत येणारं व्होल्टेज खालीवर झालं तरी तो बाहेर ठरलेला करंट आणि 14.2 ते 14.4 व्होल्ट देतो. व्हिक्ट्रॉनच्या ओरायन मालिकेत 18 आणि 30 अँपिअरचे मिळतात. मोठा तो चांगला, असं समजू नका. 30 अँपिअरचा चार्जर आत सुमारे 38 अँपिअर ओढतो. अल्टरनेटरवरच्या प्लेटवर आकडा असतो. त्याच्या एक तृतीयांशाच्या आत राहा. म्हणजे 120चा असेल तर 30चा चार्जर, 90चा असेल तर 18चा. परदेशी मंडळी निम्म्यापर्यंत जातात, पण त्यांचं गणित मोकळ्या रस्त्याचं असतं.

18 अँपिअर कमी वाटेल, म्हणून हिशोब बघा. आपल्या उकाड्यात छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला 40 एएच, 20 वॉटचा पंखा रात्रभर 13, दिवे आणि मोबाइल 10 ते 15. जवळपास 70 एएच झाले. 30च्या चार्जरने ते अडीच तासांत भरतात, म्हणजे वडखळचं ट्रॅफिक धरून अलिबागला पोहोचेपर्यंत. 18च्या चार्जरने चार तास लागतील.

आता वायर, कारण बहुतेक कामं इथेच बिघडतात. मेन बॅटरीपासून चार्जरपर्यंत 5 मीटर, म्हणजे येऊन-जाऊन 10. 38 अँपिअरला 6 स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या वायरीत 1.1 व्होल्ट जातो, 16 स्क्वेअरमध्ये 0.4. स्मार्ट अल्टरनेटर 12.4वर असताना 1.1 गेला तर चार्जरला 11.3 मिळतात. त्याला वाटतं मेन बॅटरी उतरली, म्हणून तो बंद होतो. लोड सुटताच व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा चालू होतो. काही सेकंदांनी परत तेच. अशा वेळी लोक चार्जर बदलतात, दोष वायरीचा असतो. 16 स्क्वेअरच घ्या, आणि शक्यतो टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली). आपल्या खाऱ्या हवेत साधं तांबं इन्सुलेशनच्या आतूनही काळं पडतं.

फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायरीच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, म्हणजे शॉर्ट झाल्यास आग दोन्हीकडून लागू शकते. 60 अँपिअरचा पुरतो. मात्र लिथियमच्या बाजूला क्लास टी किंवा एमआरबीएफ (मोठा शॉर्ट करंट तोडू शकणारे फ्यूज) यांपैकीच हवा, कारण शॉर्टमध्ये ती हजारो अँपिअर देते आणि स्वस्त फ्यूजमध्ये आर्क (हवेतून वाहणारी ठिणगी) तसाच चालू राहतो. लोहार चाळीतून घरगुती एसी एमसीबी आणून तर अजिबात लावू नका. एसीत करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क विझतो. डीसीत तो शून्यावर येतच नाही.

लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हेक्स क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या, हातोड्याने नाही. सोल्डरही नको, सोल्डर जिथे संपतो तिथेच कंपनाने वायर तुटते. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक. मायनस मेन बॅटरीच्या खांबावर न लावता चेसिसवर घ्या. खांबावर करंट सेन्सर असतो, त्याला चुकवून करंट गेला तर ईसीयूचा हिशोब चुकतो.

चार्जर चालू करायचा सिग्नल नुसत्या इग्निशनवरून घेतला तर चावी फिरवून गाणी ऐकतानाही मेन बॅटरी उतरेल. अल्टरनेटरच्या डी-प्लसवरून (तो फिरत असतानाच व्होल्टेज देणाऱ्या टर्मिनलवरून) किंवा इंजिन चालू असल्याच्या सिग्नलवरून घ्या. चार्जर बॉनेटखाली नको. सीटखाली, उभा, चारही बाजूंना 10 सेंटिमीटर मोकळी हवा ठेवून. 40 अंशांच्या पुढे हे चार्जर आपणहून करंट कमी करतात, आणि मे महिन्यात बंद गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी मागे ठेवून पैसे वाचवायचा विचारही तुम्ही लिहिला आहे. झोपायच्या जागेत हायड्रोजन सोडणारी आणि वळणावर अ‍ॅसिड सांडणारी बॅटरी नको. शिवाय तिचे शेवटचे 20 टक्के भरायला कित्येक तास लागतात, तेवढं ड्रायव्हिंग कोण करतं?

काम संपल्यावर पूर्ण लोडवर 20 मिनिटं चालवून प्रत्येक लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर तो लग कापून नवा लावा. मग मीटरचं एक टोक लगवर, दुसरं त्याच्या बोल्टवर ठेवा. 0.05 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड सोडून घासा आणि पुन्हा आवळा.