फेनोबार्बिटलवर असलेल्या घोड्याच्या रक्तातील औषधाची पातळी तपासताना

आकडीसाठी घोड्याला फेनोबार्बिटल सुरू झाले असेल, तर पहिल्या आठवड्यातच रक्त पाठवण्याची घाई करू नये. साधारण दोन आठवड्यांनी घेतलेला नमुना अधिक भरवशाचा ठरतो, कारण हे औषध यकृतातील विकरांना (एन्झाइमना) चालना देऊन स्वतःचाच निचरा वाढवते आणि डोस तोच असूनही पातळी हळूहळू उतरते. नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी, आणि दर वेळी त्याच सुमारास घ्यावा; आदल्या डोसची व रक्त काढल्याची वेळ नळीवरच लिहावी, कारण वेळेविना आलेला आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो.

नळी लाल झाकणाची, साधी हवी. जेल असलेली नळी घेऊ नये, कारण जेल औषध शोषून घेते आणि पातळी खोटीच कमी दिसते. मग विनाकारण डोस वाढवला जातो. (नवखे नेमके इथेच फसतात.)

अहवालातील 15 ते 40 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा केवळ मार्गदर्शक आहे. पातळी 18 असून आकडी थांबली असेल, तर डोसला हात लावू नये. रिफॅम्पिन हे प्रतिजैविक चालू असल्यास पातळी घसरते, तर क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्या प्रतिजैविकाने चढते. म्हणून अशी औषधे सुरू किंवा बंद करताना पशुवैद्यांकडून तपासणी पुन्हा करून घ्यावी.