उपासाचा बटाटा

प्रिय चिऊ,

महाशिवरात्रीला तू डब्यात खिचडी नेलीस आणि मैत्रिणीने विचारलं, "उपास आहे ना? मग बटाटा कसा खातेस?" तू घरी येऊन तोच प्रश्न मला केलास, वर आणखी एक: "बाबा, इथे लिस्बनलासुद्धा बटाट्याला बताताच का म्हणतात?" मी "आजीला विचार" म्हणून सुटलो. आजी फोनवर म्हणाली, "चालतो म्हणून चालतो." म्हणजे आलं परत माझ्याच गळ्यात.

नियम जुना आहे: उपासाला धान्य नको, कंदमुळं आणि फळं चालतात. पण ज्ञानेश्वरी झाली १२९० साली, तेव्हा आपल्याकडे बटाटा नव्हता. रताळं, शेंगदाणा, मिरची नव्हती, आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कसावाही नव्हता. हे सगळं अमेरिका खंडातलं, आणि आपल्याकडे यातलं बरंचसं पोर्तुगीज जहाजांतून उतरलं. धान्यात बसेना, म्हणून फराळात बसलं. (मकाही तिकडचाच, पण तो धान्य ठरला आणि बाहेर राहिला!) आजीच्या खिचडीत आधीपासूनचं म्हणशील तर तूप, जिरं आणि मीठ.

आता शब्द. 'बताता' हा मूळचा पोर्तुगीजही नाही. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला तसं म्हणत. १४९२ साली कोलंबस तिथे पोचला. मागोमाग आलेल्या स्पॅनिश लोकांनी ताइनोंना सोन्याच्या खाणींत जुंपलं, त्यात देवीची साथ आली. पन्नास-साठ वर्षांत त्यांच्यातले फार थोडे उरले. त्यांचा शब्द मात्र स्पॅनिशमधून पोर्तुगीजमध्ये, तिथून मराठीत आला आणि आपण तो रोज बोलतो. मला हे कळलं त्या दिवशी भाजी चिरताना हात थांबला होता.

कसावाची गोष्ट याहून कडू. त्याचं पीठ आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांना जहाजांवर खायला देत.

शाळेने तुम्हाला इथल्याच बेलें भागात नदीकाठचं, पोर्तुगीज दर्यावर्दींचं गलबताच्या आकाराचं स्मारक दाखवलं ना? टोकाला पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री, मागच्या रांगेत वास्को द गामा. ते दगडात उभं राहिलं १९६० साली, आणि पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला. पुन्हा गेलीस तर नीट बघ, कंद लावणारी एकही बाई त्यावर सापडणार नाही.

आजीला हे सगळं सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "मग इतकी वर्षं माझा उपास मोडत होता की काय?" मी म्हटलं, छे गं, कंदच आहे तो.

पुढच्या एकादशीला दोघींपुरती खिचडी देतो. मैत्रिणीला तिखट झेपतं का, तेवढं विचारून ठेव.

तुझा,
बाबा