जर्मनव्याप्त पॅरिसमधले निवांत पादचारी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आंद्रे झुका यांनी टिपलेली पॅरिसची रंगीत छायाचित्रे नुकतीच पाहण्यात आली. रस्त्याने जाणाऱ्यांना मुद्दाम उभे करून ती घेतलेली दिसत नाहीत, तरीही त्यांत युद्धाचा मागमूस जाणवत नाही. मग शहराचे जीवन खरोखरच इतके सुरळीत होते असे समजावे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : छायाचित्रातली माणसे खरी आहेत आणि त्यांचा निवांतपणाही बहुधा खराच आहे, परंतु त्यावरून शहराविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडण्याची मुभा कोणाला होती, हे पाहावे लागते. जर्मनांनी सप्टेंबर 1940 पासून परवान्याशिवाय घराबाहेर छायाचित्रे काढण्यास बंदी घातली होती. झुका हे ‘सिग्नल’ या जर्मन प्रचार-नियतकालिकासाठी काम करत असल्यामुळे त्यांना परवानाही मिळाला आणि त्या दिवसांत अत्यंत दुर्मीळ असलेली आग्फाकलर फिल्मही मिळाली.

ही फिल्म प्रकाशाला फार मंद प्रतिसाद देणारी होती. चालत्या माणसाचे चित्र हलू नये म्हणून तिला लख्ख ऊन लागे, आणि साहजिकच झुकांच्या पॅरिसमध्ये जवळजवळ नेहमीच ऊन पडलेले असते. भर हिवाळ्यात कोळशावाचून कुडकुडणारी घरे किंवा संचारबंदीच्या रात्री या फिल्मवर उमटणे कठीणच होते. (उन्हाला प्रसन्नता समजण्याची आपली सवयही येथे झुकांच्या पथ्यावर पडते.)

तरीही बारकाईने पाहिल्यास युद्ध दिसतेच. रिव्होली मार्गावरील कमानींसमोर स्वस्तिकाचे लाल ध्वज फडकत आहेत. पेट्रोलअभावी मोटारी नाहीशा होऊन सायकलला जोडलेल्या टॅक्स्या आल्या आहेत. एखाद्या पादचाऱ्याच्या कोटावर पिवळी चांदणी शिवलेली आहे. 7 जून 1942 पासून सहा वर्षांवरील ज्यूंना ती सक्तीची झाली. त्यानंतर सव्वा महिन्यातच, 16 आणि 17 जुलै रोजी, फ्रेंच पोलिसांनी पॅरिस व उपनगरांतून सुमारे 13,000 ज्यूंना पकडले, ज्यांत 4,000हून अधिक मुले होती. दिवसाढवळ्या, याच शहराच्या रस्त्यांवरून झालेल्या त्या धरपकडीची छायाचित्रे मात्र जवळपास नाहीतच.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. नकळत टिपलेले चित्र पादचाऱ्याच्या बाबतीत प्रामाणिक असते. कॅमेरा कोठे रोखायचा, हे ठरवणाऱ्याच्या बाबतीत ते काहीच हमी देत नाही. यास्तव ही छायाचित्रे झाकून ठेवावीत, असे आमचे मत नाही. 2008 साली पॅरिस नगराच्या ऐतिहासिक ग्रंथालयात यांपैकी सुमारे 270 चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा पार्श्वभूमी पुरेशी न सांगितल्याबद्दल मोठी टीका झाली आणि नंतर प्रेक्षकांना एक माहितीपत्रक देण्यात येऊ लागले. ते पत्रक पहिल्या दिवसापासूनच, आणि तेही प्रत्येक चित्राशेजारी तारीख व ठिकाण यांसह, असायला हवे होते.