पुण्यात राहून मुलाला चुनखडकाची झीज कशी दाखवायची?

नववीतल्या मुलाला चुनखडकाची झीज, गुहा, लवणस्तंभ (गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून झालेले खांब) समजावायचे आहेत, पण पुण्यात जिकडेतिकडे काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, मग दाखवू काय, असं तुम्ही विचारलंय. मी भूगोल शिकवते. माझं ऐकाल तर सुरुवात स्वयंपाकघरातून करा.

ओटा कडप्प्याचा असेल तर जिथे रोज लिंबू चिरलं जातं, तिथे फिकट, खरबरीत डाग दिसतील. कितीही घासा, ते निघत नाहीत, कारण तो मळ नसतोच. दगडाचा वरचा थरच तिथे खाल्ला गेलेला असतो. कडप्पा हा आंध्रातला चुनखडक, आणि मोरीतली शहाबादी फरशी हा कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला. दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि लिंबातलं आम्ल ते विरघळवतं.

फरशीवाल्याकडून शहाबादीचा तुकडा आणा, शेजारी रस्त्यावरची खडी ठेवा, दोन्हींवर लिंबू पिळा. शहाबादीवर बारीक बुडबुडे येतात. थोडी खरवडून त्या भुकटीवर रस टाकला तर फसफस स्पष्ट दिसते. खडीवर काही होत नाही. फक्त पांढरे ठिपके नसलेली खडी निवडा. ही खडी बेसाल्टचीच, आणि त्याच्या पोकळ्यांत कधीकधी कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचंच खनिज, भरलेलं असतं, तेही फसफसतं आणि मुलाचा गोंधळ उडतो. संडास साफ करायचं ॲसिड मात्र यासाठी वापरू नका.

पावसाचं पाणी हेच काम फार सावकाश करतं. हवेतला, आणि त्याहून जास्त मातीतला, कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य कार्बनिक आम्ल तयार होतं. ते भेगांत शिरतं, दगड विरघळवून वाहून नेतं, आणि भेगा रुंदावत त्यांच्या गुहा होतात. आपला बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, सिलिकेट खनिजांचा. झिजतो तोही, पण बराचसा मुरूम आणि माती होऊन मागे उरतो, म्हणून इथे तशा गुहा होत नाहीत. कार्ले, भाजे ही माणसांनी खोदलेली लेणी आहेत, हे मुलाला आवर्जून सांगा. परीक्षेत मुलं इथे हमखास चुकतात.

लवणस्तंभांसाठी एखाद्या जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जा. गळक्या स्लॅबखाली पांढऱ्या, आतून पोकळ, अगदी नाजूक नळ्या लोंबत असतात आणि टोकाला थेंब असतो. सिमेंट बनतं चुनखडक भाजून. आपल्याकडे विदर्भात वणी, कोरपना भागात तो निघतो. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट साचतं. गुहेत याच्या उलट घडतं: थेंब मोकळ्या हवेत आला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट छताला चिकटून राहतं. हा फरक पुस्तकात नसला तरी सांगाच, नववीच्या मुलाला तो नक्की कळतो. सिमेंटमधला चुना पाण्यात कितीतरी जास्त विरघळतो, त्यामुळे स्लॅबखालची नळी गुहेतल्यापेक्षा अनेक पटींनी लवकर वाढते. महिन्याच्या अंतराने फोटो काढायला लावा, पण हात लावू देऊ नका, लगेच तुटते.

दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर विशाखापट्टणमहून अराकूकडे जाताना लागणाऱ्या बोरा गुहा दाखवा. पण लिंबाचा प्रयोग आणि पार्किंगची फेरी आधी होऊ द्या.