लाल दिसली म्हणजे पेशी मेली का? वाचकांचे प्रश्न

डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगांबद्दल सांगली-साताऱ्याहून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे वेगवेगळ्या कामांतून आली आहेत, पण बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे. प्रोपिडियम आयोडाइडसारखा रंग पेशीचा प्राण मोजत नाही. पेशीपटल फाटले असेल तरच तो आत शिरतो, डीएनएला चिकटतो आणि वीस-तीस पट जास्त, लाल चमकतो. पटल कधी फाटले आणि का फाटले, हे तो सांगत नाही.

प्रश्न : हळदीच्या अर्काची हीला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी) चाचणी घेत आहे. एक्रिडिन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड मिसळून पाहिले, तर २४ तासांनंतरही सगळ्या पेशी हिरव्या. मात्रा वाढवली तर आणखी हिरव्या. अर्काचा परिणाम होत नाही असे समजायचे का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, सांगली)

एवढ्यात तसे समजू नका. या जोडीत एक्रिडिन ऑरेंज सगळ्या पेशींना हिरवे करते आणि इथिडियम ब्रोमाइड पटल फाटलेल्या पेशींना लाल. तुम्हाला दिसणारा हिरवा रंग बराचसा हळदीचाच असण्याची शक्यता मोठी आहे. हळदीतले पिवळे द्रव्य कुरकुमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषते आणि ५०० ते ५५० च्या पट्ट्यात हिरवे चमकते. एक्रिडिन ऑरेंजची हिरवी चमक ५२५ ला, म्हणजे त्याच पट्ट्यात पडते. त्यातून कुरकुमिन तेलकट जागी रमणारे, त्यामुळे पेशीच्या पटलांत ते साठून राहते आणि एका धुण्यात निघत नाही. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीवर आपल्याकडे पुष्कळ प्रकल्प होतात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी खात्री करा. अर्क दिलेल्या पेशी कोणताही रंग न घालता त्याच फिल्टरमधून पाहा. तिथेही हिरवे दिसले तर प्रश्न सुटला. खऱ्या एक्रिडिन ऑरेंजमध्ये केंद्रक ठसठशीत उठून दिसते. कुरकुमिनमध्ये केंद्रकाभोवतीचा भाग धूसर उजळतो. अर्क दिलेली, पण रंग न घातलेली ही नळी दरवेळी ठेवायचीच. सोबत आणखी तीन हव्यात : काहीच न दिलेल्या पेशी, फक्त डीएमएसओ (अर्क विरघळवायचे द्रावक) दिलेल्या पेशी (अंतिम प्रमाण ०.१ टक्के, ०.५ च्या वर नको) आणि ६५ अंश सेल्सिअसला १० मिनिटे ठेवून मारलेल्या पेशी. मारलेल्या पेशी लाल दिसल्या नाहीत, तर दोष रंगात किंवा फिल्टरमध्ये आहे.

दुसरी चूक आम्हाला जास्त गंभीर वाटते. मेलेल्या पेशी तळ सोडून माध्यमात तरंगतात. माध्यम ओतून दिले की मृत पेशीही सिंकमध्ये जातात आणि उरलेल्या चिकट, जिवंत पेशीच मोजल्या जातात. म्हणून जुने माध्यम नळीत जपून ठेवा, ट्रिप्सिन या एन्झाइमने तळापासून सोडवलेल्या पेशी त्यातच मिसळा, ३०० जी बळाने ५ मिनिटे फिरवा, थंड पीबीएसने (पेशींना मानवणारे खारे बफर द्रावण) एकदा धुवा आणि मिलीलिटरला सुमारे १० लाख पेशी होतील इतक्या पीबीएसमध्ये मिसळा. साध्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळल्या तर पेशी फुगून फुटतील आणि दोष अर्काच्या माथी जाईल.

दोन्ही रंगांचे प्रत्येकी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर असे मिश्रण केले असेल, तर २५ मायक्रोलिटर पेशींना १ मायक्रोलिटर पुरते. लगेच स्लाइड पाहा. इथिडियम ब्रोमाइड जिवंत पेशीतही हळूहळू शिरते, त्यामुळे वीस मिनिटे पडून राहिलेली स्लाइड मोजू नये. किमान २०० पेशी मोजा.

हळदीसाठी मात्र आमचा सल्ला असा की ही जोडीच बदला. जिवंत पेशीतही शिरून डीएनएला चिकटणारा निळा रंग होएक्स्ट ३३३४२ (५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, ३७ अंशाला १५ मिनिटे) आणि शेवटी प्रोपिडियम आयोडाइड (१ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, अंधारात ५ मिनिटे) वापरा. प्रोपिडियम हिरव्या प्रकाशात, ५३५ च्या आसपास पाहा. तिथे कुरकुमिन जवळजवळ काहीच शोषत नाही. होएक्स्ट अतिनील प्रकाशात निळे चमकते. त्यासाठी ४६० च्या आसपासचाच निळा प्रकाश सोडणारा अरुंद फिल्टर घ्या, नाहीतर हळदीचा हिरवा पुन्हा डोकावेल.

आता वाचन. केंद्रक निळे, गोल, सर्वत्र सारखे असेल तर पेशी शाबूत. निळे पण आकसलेले किंवा तुकडे पडलेले आणि लाल अजिबात नाही, तर अपॉप्टोसिसची, म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणाची सुरुवात. तुकडे पडलेले आणि लालही, तर त्याची शेवटची पायरी. लाल पण केंद्रक गुळगुळीत, नेहमीच्या आकाराचे, तर नेक्रोसिस, म्हणजे इजेने आलेले मरण. शेवटच्या दोहोंत फरक करताना सावध राहा. शरीरात मरणाऱ्या पेशींना इतर पेशी गिळून टाकतात. डिशमध्ये गिळणारे कोणी नसते, म्हणून अपॉप्टोसिसने मेलेली पेशीही शेवटी फाटते आणि लाल होते. नुसत्या २४ तासांच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. ६, १२ आणि २४ असे तीन टप्पे घ्या.

जाता जाता : कुरकुमिन सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेल्या, ७.४ पीएचच्या द्रावणात अर्ध्या तासात बहुतेक नष्ट होते. १० टक्के सीरम असलेल्या माध्यमात बरेच तास टिकते. आधीपासून पातळ करून ठेवलेला अर्क वापरत असाल, तर परिणाम न दिसण्याचे कारण तेही असू शकेल.

प्रश्न : ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवलेल्या पेशींना प्रोपिडियम दिले. शंभर टक्के मृत दिसतात. (कराड)

इथेनॉलनेच पटल उघडले, त्यामुळे सगळ्या लाल होणारच. ती पद्धत पेशीचक्र मोजण्यासाठी आहे आणि तिथे आरएनएज एन्झाइमही लागते, कारण प्रोपिडियम आरएनएलाही चिकटते. जिवंत-मृत पाहायचे असेल तर पेशी फिक्स न करताच (इथेनॉलसारख्या द्रवात न ठेवता) रंग द्या.

प्रश्न : आमच्या डिस्टिलरीत यीस्ट मिथिलिन ब्लूने तपासतो. ८५ टक्के जिवंत येते, तरी मळीचे किण्वन मंद. फ्लुरोसंट रंग घ्यावा का? (जि. सांगली)

घ्या. मिथिलिन ब्लू जिवंत पेशीच्या एन्झाइममुळे रंगहीन होते, ही त्याची मेख आहे. अर्धवट खचलेली पेशीही काही काळ ते काम करते, म्हणून जिवंतपण ९० टक्क्यांच्या खाली आले की ही चाचणी फाजील आशा दाखवते.

नमुना पीबीएसने दोनदा, जमल्यास तीनदा धुवा. मळीतली तपकिरी द्रव्ये स्वतः थोडी चमकतात आणि रंगाची चमक दाबतात. मग मिलीलिटरला १० लाख ते १ कोटी पेशी ठेवून १ ते २ मायक्रोग्रॅम प्रोपिडियम, अंधारात १० मिनिटे. साध्या प्रकाशात एकूण पेशी आणि हिरव्या प्रकाशात लाल पेशी त्याच चौकटीत मोजा. कळीसह (फुटत असलेल्या नव्या पेशीसह) पेशी एक धरायची की दोन, हे आधी ठरवा आणि पाळीपाळीत बदलू नका.

सुकवलेले यीस्ट नुकतेच पाण्यात भिजवले असेल तर हा आकडा धरू नका. त्या वेळी पटल तात्पुरते गळके असते आणि पुढे सावरणारी पेशीही लाल दिसते. ताण बसलेल्या यीस्टमध्ये लाल झालेल्या पेशी पुन्हा वाढल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तोच नमुना प्लेटवर ३० अंशाला ४८ तास वाढवून वसाहतींशी ताडा.

प्रश्न : कृत्रिम रेतनाची (गोठवलेल्या वीर्याची) कांडी चांगली की वाईट हे असा रंग घालून गोठ्यावर कळेल का? (पशुपालक, ता. खटाव)

गोठ्यावर नाही, फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शक लागतो. प्रयोगशाळेत सायबर-१४ हा हिरवा रंग आणि प्रोपिडियम वापरतात : शाबूत शुक्राणूचे डोके हिरवे, पटल फाटलेल्याचे लाल. काही थोडे दोन्ही रंगांचे दिसतात, ते मरणाच्या वाटेवरचे. द्रावण आणि स्लाइड दोन्ही ३७ अंशाला हवीत, कारण थंड थेंबानेही पटल फाटते. कांडीतल्या अंड्याच्या बलकाचे कण शुक्राणू समजून मोजले जातात, तेवढे टाळावे. हिरवा शुक्राणू पोहेल किंवा गाभण ठेवेल याची हमी मात्र या रंगात नाही.

तुमच्या हातात आहे ते वितळवणे. ०.२५ मिलीची कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद, थर्मामीटर लावून धरा. नंतर कोरडी पुसा आणि लगेच वापरा. खिशात किंवा तळहातावर वितळवलेल्या कांडीत चांगल्या वळूचे शुक्राणूही वाया जातात.

प्रश्न : उरलेल्या रंगाचे काय करायचे? (मिरज)

हे रंग डीएनएला चिकटतात, म्हणून आपल्या डीएनएपासूनही लांब ठेवायचे. नायट्राइलचे हातमोजे घाला, लेटेक्स पुरत नाहीत. पातळ द्रावण वेगळ्या बाटलीत साठवा, त्यात सक्रिय कोळसा घालून गाळा आणि कोळसा घातक कचऱ्यात द्या. इथिडियम ब्रोमाइडवर ब्लीच ओतू नका, त्यातून नवी घातक द्रव्ये तयार होतात. वापरायचे प्रोपिडियम १ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर असे करून, बाटलीला फॉइल गुंडाळून ४ अंशाला ठेवा आणि बाटलीवर तारीख घाला.