घटस्फोटाचा अर्ज बेळगावात टाकूनच निघा

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: माहेर बेळगावात शहापूरला, लग्न तिथलंच, सासर चंदगडला. दीड वर्ष माहेरी आहात, सहा वर्षांचा मुलगा तुमच्याजवळ. इंग्लंडात नर्सची नोकरी ठरलीय, तर घटस्फोट तिकडे जाऊन घेतला तर चालेल का?

मी वकील नाही, पण इथे इंग्लंडात, लेस्टरला आपल्याकडच्या मंडळींचे असे घोळ पाहतो. माझं म्हणणं, अर्ज बेळगावच्या फॅमिली कोर्टात टाकूनच विमानात बसा.

इथे 6 एप्रिल 2022 पासून कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट मिळतो, म्हणून लोक भुलतात. एकटीने अर्ज करायचा तर आधी वर्षभर इथे राहायला हवं. पुढे अर्जापासून पहिल्या आदेशापर्यंत 20 आठवडे, अंतिम आदेशाला त्यावर आणखी 6. एवढं करूनही नवरा हजर झाला नाही आणि त्याची संमतीही नसली, तर तो निकाल भारतात टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने 1991 च्या नरसिंह राव खटल्यात तसं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे इथे तुम्ही मोकळ्या, आणि बेळगावात अजून त्यांच्या बायको! पुन्हा लग्न केलंत तर तिकडे तो गुन्हा.

नवरा तयार असेल तर परस्पर संमतीचा अर्ज करा. त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेत सहा महिने जातात. पण दीड वर्ष वेगळे असाल आणि पोटगी, ताबा सगळं मिटलं असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाचा आधार घेऊन ती मुदत माफ करून मागता येते. देणं न देणं जजसाहेबांच्या हातात. दुसरी तारीख तुम्ही इथे आल्यावर पडली तर व्हिडिओवर हजर राहण्याची परवानगी मागा. भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचं झालं तर ते इथल्या भारतीय उच्चायुक्तालयात होतं. ते पत्र बेळगावात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरायला विसरू नका.

तो तयार नसेल तर आपल्या सीमाभागाची खरी गंमत सुरू होते. तुम्ही बेळगावात अर्ज केलात, त्याने कोल्हापूर जिल्ह्यात. चंदगड तासा-दीड तासावर, पण राज्य वेगळं. खटला इकडून तिकडे हलवायचा तर अर्ज दिल्लीला, सुप्रीम कोर्टात! पत्नीला ती राहते तिथे अर्ज करता येतो, पण अर्जाच्या दिवशी ती तिथे राहत असली पाहिजे. म्हणून निघण्याआधी टाका म्हणतोय. कागद मराठीत असतील तर भाषांतरं आत्ताच करून घ्या, बेळगावचं कोर्ट कानडी-इंग्रजीत चालतं.

आता मुलगा. माझ्या मते हाच सगळ्यात नाजूक मुद्दा. पासपोर्टला साधारणपणे दोघांची सही लागते. व्हिसाला, वडील सोबत येत नसतील तर जबाबदारी एकट्या आईवरच आहे हे दाखवावं लागतं. म्हणून तडजोडीत नुसतं 'ताबा आईकडे' लिहून भागत नाही. परदेशी नेण्याची परवानगी आणि वडिलांची भेट कशी, केव्हा, हेही लिहून घ्या. ऑफर लेटरही नीट वाचा: केअर वर्करच्या व्हिसावर 11 मार्च 2024 पासून नव्याने येणाऱ्यांना मूल आणता येईनासं झालं, आणि जुलै 2025 पासून परदेशातून त्या कामाची नवी भरतीच बंद झाली; नर्सला मूल आणता येतं.

निकाल लागला की प्रमाणित प्रती दोन-तीन जास्तच काढा. एकीवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्या, आणि निकाल कानडीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत आणा.